दोन बोटं सैल

बाहीला झोप लागायची ती शिलाई मशीनच्या आवाजात. लहानपणापासूनचंच होतं ते. घर म्हणजे एक मोठी खोली. रस्त्याकडच्या खिडकीपाशी आईचं मशीन, मधे कपडा बेतायचं लांब टेबल आणि टेबलापलीकडे पडदा लावून केलेला झोपायचा कोपरा. मशीन चालू झालं की पडद्यामागे हिचे डोळे मिटायचे, आणि ते थांबलं की उघडायचे. बाकीची पोरं अंगाईवर वाढतात, ही टीप मारण्याच्या आवाजावर वाढली.

मोठी झाली, अग्निशमन दलात लागली, तरी सवय सुटली नाही. पाळी संपवून सकाळी घरी यायचं, आईने झाकून ठेवलेले दोन घास पोटात ढकलायचे आणि भर दुपारी पडद्यामागे जाऊन आडवं व्हायचं. उन्हाचा पट्टा टेबलावरच्या कापडांवरून हळूहळू सरकत असायचा. आईचा पाय मशीनवर चालायचा आणि हिच्या स्वप्नात त्याच तालावर बंबाचा पंप चालायचा. स्वप्नात धूर असायचा, पण तो कधी झोंबायचा नाही. पांढरा, मऊ, पिंजलेल्या कापसासारखा. त्यातून ती एक दोरा धरून चालत असायची. दोरा कुठून आलाय आणि कुठे चाललाय, हे तिला कधी कळलं नाही. स्वप्नातली माणसं असल्या चौकशा करत बसत नाहीत.

बाही हे तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं ड्रायव्हरकाकांनी, पहिल्याच दिवशी. त्या केंद्रात आजवर बाईमाणूस कामाला आलेलं नव्हतं, तेव्हा तिला कोट मिळाला तो धिप्पाड पुरुषाच्या मापाचा. तो चढवून ती अंगणात उभी राहिली तेव्हा हात कुठे दिसेचनात. काका बंब पुसत होते. फडकं खांद्यावर टाकून त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पोरी, कोट तू घातलायस की कोटाने तुला घातलंय?" पुढे कधीही ती कोट घालून आली की काका ओरडायचे, "बाह्या आल्या रे, मागून माणूस येतंय!" झालं, ती बाही झाली. पगाराच्या कागदावर काय नाव आहे ते आता तिलाही आठवावं लागायचं.

नव्या जागी रुळायचं म्हणजे काय, हे आपण उगाच मोठ्या गोष्टींत शोधतो. बाहीला रुळावं लागलं ते बुटांना, हातमोज्यांना आणि न्हाणीघराच्या कडीला. बुटांत दोन जोड मोजे घातले की पाय हलायचे थांबले. न्हाणीघराला कडीच नव्हती, कारण इतकी वर्षं तिची गरज कोणाला वाटली नव्हती. ती तिने स्वतःच स्क्रू पिळून बसवली. शिडी पुरुष खांद्यावर घेतात. तिने ती कमरेच्या हाडावर टेकवून न्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांनी केंद्रातला सगळ्यात उंच गडी, लंबू, कोणी बघत नसताना तशीच नेताना सापडला. "पाठ दुखतेय जरा," म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

आणि जावईबापू. सरावासाठी माणसाच्या वजनाचा एक बाहुला होता, जाड कापडाचा, पोटात वाळू भरलेला. तो स्वतः इकडचा तिकडे होत नाही, सगळ्यांनी त्याला उचलून न्यायचं, आणि त्याचं वजन दिवसागणिक वाढतच जातं असा सर्वांना संशय, म्हणून त्याचं नाव जावईबापू. पहिल्यांदा ओढताना बाहीच्या नाकी नऊ आले. मग तिला कळलं की हाताने ओढण्यात अर्थ नाही. मांड्या रोवायच्या, त्याची काख आपल्या काखेत अडकवायची आणि पायांनी मागे सरायचं. जावईबापू मुकाट्याने येऊ लागले.

कठीण गेलं ते वेगळंच. ती खोलीत शिरली की गप्पा थांबायच्या. कोणी शिवी अर्धवट गिळायचा, कोणी उगीच खुर्ची पुसून पुढे करायचा. कोणी वाईट नव्हतं, सगळे भलेच होते, आणि त्या भलेपणाचंच तिला ओझं व्हायचं. आगीच्या ठिकाणी पोचलं की पुरुष पाइप घेऊन आत जायचे आणि हिला म्हणायचे, "तू पंपाकडे बघ हं." पंपाकडे बघणं काही कमी महत्त्वाचं नाही, पण वरातीत नेहमी घोड्याचा लगाम धरून उभं राहायचं असेल तर एक दिवस माणसाला वाटतंच ना, की आपण कधी चढणार?

आत जायचं तर धूरघर पार करावं लागे. धूरघर म्हणजे केंद्रामागची बिनखिडक्यांची बैठी इमारत. तिच्यात खोटा धूर भरायचा, इतका की स्वतःची बोटं दिसू नयेत. दारातून एक पाइप आत गेलेला असतो. तोंडावर मास्क, पाठीवर हवेचा सिलिंडर, आणि गुडघ्यांवर रांगत पाइपच्या आधाराने आत जायचं, टोकाशी झोपलेल्या जावईबापूंना धरायचं आणि पाइपच्याच आधाराने बाहेर यायचं. आत गोल फिरलं की दिशा हरवते. तेव्हा वाट सांगतो तो दोन पाइपांमधला जोड. त्याच्या एका अंगाला धातूचे दोन कान असतात, दुसरं अंग गुळगुळीत. कान जिकडे, दार तिकडे. हे वाक्य तिथल्या प्रत्येकाला झोपेतून उठवलं तरी पाठ.

बाहीलाही पाठ होतं. पहिल्या खेपेला ती झरझर आत गेली, जावईबापूंना काखेत मारलं, वळली, जोड हाताला लागला. कान चाचपले, एक सापडला, आणि ती निघाली. निघाली ती थेट मागच्या भिंतीवर जाऊन आपटली. कोटाची लांब बाही हातमोज्यावर उतरली होती. तिच्या घडीलाच ती जोडाचा कान समजली होती. शेवटी मागचं दार उघडून तिला काढावं लागलं. "जावईबापूंना घेऊन निघाली होतीस कुठे?" लंबूने विचारलं. सगळे हसले. तीही हसली, आणि मग बंबाच्या आडोशाला जाऊन पोटभर रडली.

केंद्राचे साहेब कमी बोलणारे. सदा झोपेतून उठल्यासारखे डोळे, पण त्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. त्यांनी तिला समोर बसवलं. "चूक कोणाचीही होते. पण खऱ्या धुरात झाली तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. तेव्हाही नाही जमलं तर फोनच्या खोलीत तुझी जागा आहे. तेही काम लागतंच." ते खरंच बोलत होते. फोन उचलणाऱ्या माणसाशिवाय कोणाचंच घर वाचत नाही. पण बाहीला जायचं होतं ते आत.

कोट उन्हात घालायला म्हणून ती त्या दिवशी घरी घेऊन गेली. आई एका झग्याची कड टाचत होती, टाचण्या ओठांत धरून. आईचं एक होतं, बोलायचं नसलं की ती टाचण्या तोंडात धरायची. लेक आगीशी खेळायची नोकरी धरतेय हे कळलं तेव्हा ती एकच शब्द बोलली होती, "बरं." तेव्हापासून एक प्रश्न नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं, मुलगी काय करते, की लगेच चार टाचण्या ओठांत.

"कोटाच्या बाहीने घात केला, आई," ती बूट काढता काढता म्हणाली. "मापाचा असता ना कोट, तर आज मी आत-बाहेर करून आले असते." आईने कोटाकडे पाहिलं. टाचण्या ओठांतच होत्या. बाही पडद्यामागे जाऊन पडली.

त्या दुपारी मशीनचा आवाज वेगळा येत होता. जड, थांबून थांबून, चढावरून गाडी जावी तसा. झोपेत तिला वाटलं की पंपावर ताण आलाय. धूर नेहमीपेक्षा दाट होता आणि हातातला दोरा घट्ट होत चालला होता, मनगटाभोवती, मग दंडाभोवती, मग कमरेभोवती. ती घाबरली मात्र नाही. कोणीतरी आपल्याला जवळ घेतंय असंच तिला वाटत राहिलं.

उठली तेव्हा ऊन टेबलावरून उतरून फरशीवर आलं होतं. कोट खुंटीला होता, आणि तो निराळाच दिसत होता. आईने बाह्या आत दुमडून टीप मारली होती, कुशी दोन्हीकडून आत घेतल्या होत्या, खांदे उचलले होते. "घाल," आई म्हणाली. बाहीने घातला. आरशात एक बाई उभी होती. हात असलेली, कंबर असलेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोटात ती स्वतः दिसत होती. आई गुडघ्यांवर बसून खालची कड सारखी करत होती आणि तिच्या ओठांत एकही टाचणी नव्हती.

तेव्हाच बाहीला आठवलं. पहिल्या दिवशी शंभर सूचना दिल्या होत्या, त्यातली एक. कोटाच्या आतल्या थराला सुई लागता कामा नये. का, ते तिने तेव्हा लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आता सांगावं, असं जिभेवर आलं. पण आई खालून वर बघत होती, नव्या झग्यातल्या पोरीकडे बघावं तशी, आणि बाहीने ते सांगितलं नाही. आई हिच्या नोकरीला पहिल्यांदा हात लावत होती. तो हात झटकायचा कसा?

"मस्त झालाय," ती म्हणाली.

केंद्रावर काकांनी शिट्टी मारली. लंबू म्हणाला, "अरे, बाहीच्या बाह्या कुठे गेल्या?" आणि प्रत्येकाने एकेकदा कोट चाचपून पाहिला. साहेबांनीही पाहिला. म्हणाले, "काढ जरा तो."

त्यांनी कोट उलटा केला. आतलं अस्तर पसरून हाताने त्याचा खोलगट द्रोण केला, काकांकडून मगभर पाणी मागवलं आणि त्यात ओतलं. सगळे वाकून बघत होते. आधी काहीच झालं नाही. मग खालच्या अंगाला एक थेंब लोंबला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, अगदी सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. आईची टीपच ती. एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

"पाणी जिथून जातं तिथून वाफ आत येते," साहेब म्हणाले. "आणि कोट घट्ट झाला तर मधली हवा गेली. आगीत माणसाला कापड वाचवत नाही, कापड आणि अंग यांच्यामधली हवा वाचवते." त्यांनी सदऱ्याची कॉलर बाजूला केली. खांद्यावर पट्ट्याएवढा जुना डाग होता, चकचकीत. "इथे सिलिंडरचा पट्टा करकचून आवळला होता मी. तेवढंच भाजलं, बाकी कुठे नाही. कोणी शिवलाय हा?"

"मी," बाही म्हणाली.

साहेबांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा त्या थेंबांच्या रांगेकडे पाहिलं. तिने स्वतः शिवलेलं सदऱ्याचं बटण दोनदा तुटलेलं सगळ्या केंद्राला माहीत होतं. कोट उलटाच दोरीवर वाळत घातला गेला, आणि बाहीला कोठारातला दुसरा कोट मिळाला. तो पहिल्याहून मोठा होता.

घरी आईने मोकळी खुंटी पाहिली. "कोट कुठाय?"

आता खरं सांगायचं, तर सांगायची वेळ कालच टळली होती. एक गप्प बसणं लपवायला माणसाला पुढे दोन खोटी बोलावी लागतात. बाही म्हणाली, "साहेबांनी ठेवून घेतला, आई. सगळ्यांना दाखवायला. म्हणाले, अशी शिवण बघितली नाही." आणि वर हसलीसुद्धा. आईने मान खाली घातली, पण तिचे कान हसत होते.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, ते असं. दुसऱ्या दिवशी आईने ठेवणीतले कपडे काढले, केस नीट बांधले आणि ती लेकीला न सांगता पायी पायी केंद्रावर गेली, आपला कोट लोक कसे बघतात ते बघायला. बाही तेव्हा मागे पाइप धूत होती. फाटकात आईला पाहिलं आणि तिच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. आई थेट दोरीपाशी गेली होती. कोट उलटा टांगलेला, अस्तरावर पाण्याचे डाग. साहेब बाहेर आले. आई हौसेने म्हणाली, "मीच शिवला हो."

बाहीने आईला काय सांगितलं होतं ते साहेबांना कुठून माहीत असणार? त्यांनी सरळपणे सगळं समजावलं, चढ्या आवाजात नाही, समोरच्याला कळावं म्हणून. आईने ऐकलं आणि पाण्याचा मग मागितला. स्वतःच्या हाताने तिने अस्तराचा द्रोण केला, स्वतःच पाणी ओतलं. थेंब आले, रांगेत. तिने एका थेंबाखाली बोट धरलं.

"शिवण उत्तम आहे, बाई," साहेब म्हणाले.

"दिसतंय ना," आई म्हणाली. मग तिने कोट दोरीवरून काढला, खांद्याला खांदा लावून घडी केला, साहेबांना विचारलं, "हा आता फुकटच जाणार ना? मी नेऊ?" आणि घेऊन निघाली. बाहीच्या शेजारून गेली, थांबली नाही.

दुसऱ्या सकाळी बाही घरी आली तेव्हा मशीनवर झाकण होतं. तिच्या जन्मात दिवसाउजेडी मशीनवर झाकण तिने पाहिलं नव्हतं. आई टेबलाशी बसून कोट उसवत होती. ब्लेडने एकेक टाका.

"आई, मी खोटं बोलले."

"हो."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच." आईने टाका ओढला. मग म्हणाली, "माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायची, हे मला माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलं. माणसाला श्वास घ्यायला जागा हवी. गावभरच्या कपड्यांत मी दोन बोटं सोडली गं. तुझ्या कोटात एक बोटही सोडलं नाही."

"का?"

"मला वाटलं, घट्ट असला की तुला काही होणार नाही."

बाही तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. आईच्या बोटांना यंत्रातल्या तेलाचा वास होता. दोघींना रडू आलं आणि दोघींनी येऊ दिलं.

डोळे पुसल्यावर आई म्हणाली, "बाहीचं काहीतरी करू. पूर्वी पुरुषांच्या शर्टाच्या बाह्या लांब यायच्या ना, तेव्हा ते दंडाला पट्टा लावायचे, बाही वर ओढून. कापायचं नाही, शिवायचं नाही." तिने उसवलेल्या कोटाच्या खालच्या कडेतून दोन पट्टे कापले, एकाला एक बक्कल लावलं, आणि लेकीने केंद्रावरून आणलेल्या मोठ्या कोटावरून तिच्या दंडांना बांधले. बाही वर सरकून फुगली आणि मनगट मोकळं झालं. मग आईने पट्ट्याखाली आपली दोन बोटं घालून पाहिली. आत-बाहेर, आत-बाहेर. जात होती.

साहेबांनीही तेच केलं. पट्ट्याखाली दोन बोटं घातली, ओढून पाहिलं. "धूरघरात चालेल," म्हणाले. "खऱ्या आगीत मापाचा कोट आल्याशिवाय सोडणार नाही." ड्रायव्हरकाकांचं मत पडलं की फुगलेल्या बाह्यांत ती राजकन्या दिसते, आणि जावईबापूंनी जरा अदबीने वागावं.

दार बंद झालं आणि धूर आला. पांढरा, मऊ, दुपारच्या झोपेतला. मास्कमध्ये तिचा श्वास येत-जात होता, मशीनच्या पायडलासारखा, खाली-वर. पाइप हाताखालून सरकत होता. किती वेळ गेला कोण जाणे. धुरात वेळ मोजायला काही नसतं. जावईबापू नेहमीच्या जागी पसरलेले सापडले. तिने त्यांना काखेत घेतलं, मांड्या रोवल्या, वळली. मग एक खांब आडवा आला, ती त्याला वळसा घालून गेली आणि सगळ्या दिशा पुसल्या गेल्या. आता दार पुढे की मागे?

हाताला जोड लागला. त्यावर काहीतरी टोचलं. ती निघणारच होती, आणि थांबली. मागच्या वेळीही असंच वाटलं होतं. तिने जावईबापूंना खाली ठेवलं. मनगट मोकळं होतं, घडी नव्हती. तिने एका हाताने एक कान धरला, दुसऱ्या हाताने दुसरा शोधला. दोन. दोन्हींच्या मधे ती बोटं तशीच धरून बसली क्षणभर, आई टेपखाली धरते तशी, नि मग जिकडे कान होते तिकडे रांगत निघाली.

दार उघडलं तेव्हा ऊन इतकं होतं की तिला काही दिसेना. आधी आवाज ऐकू आला, काकांचा: "जावईबापू, आलात का सुखरूप? पोरीने हयगय नाही ना केली?" मग साहेब दिसले. त्यांनी मान हलवली, फक्त एकदा. बाहीचा जीव भांड्यात पडला. लंबूने तिला उठवायला हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे घेतला, आणि ती आपली आपण उठली. खोलीत गेल्यावर गप्पा चालूच होत्या. कोणीतरी मोठ्याने एक शिवी दिली, आणि ती पूर्ण दिली.

उसवलेला कोट मात्र वाया गेला नाही. खालची कड कापल्यामुळे तो आखूड झाला होता, आईने त्याला नवी कड दिली आणि केंद्रावर पाठवला. आज सबंध केंद्रात सगळ्यात मापात बसणारा कोट कोणाचा असेल तर जावईबापूंचा.

बाहीसाठी नवा कोट शिवून यायचा होता. साहेबांनी मापाचा कागद देऊन सांगितलं, माप आईंनाच घेऊ दे. दुपारची वेळ होती. रस्ता पेंगत होता, उन्हाचा पट्टा टेबलावर होता. बाही हात पसरून उभी राहिली आणि आईने खांदा घेतला, हात घेतला, मनगट घेतलं. पाठीभोवती टेप आणली आणि थांबली.

"किती सैल?"

"मधे हवा राहील इतका."

आईने टेपखाली दोन बोटं घातली. थोडा विचार केला. मग बोटं काढून अख्खा तळवा लेकीच्या पाठीवर सपाट ठेवला आणि त्या तळव्यावरून टेप ओढली. "एवढा?"

"एवढा."

आकडा कागदावर उतरवून झाला तरी आईने हात लगेच काढला नाही. पाठीला तो गरम लागत होता, आणि बाहीला वाटलं, असंच उभं राहावं, ऊन टेबलावरून उतरेपर्यंत.

कोट आला. आणि एका सकाळी घंटा वाजली. गाद्यांचं गोदाम पेटलं होतं. लंबू पाइपच्या तोंडाशी, त्याच्यामागे बाही, पाइप काखेत. कोणी पंपाकडे बघ म्हणालं नाही. आतला धूर स्वप्नातल्यासारखा मुळीच नव्हता; काळा होता, आणि खोलीभर आग घुमत होती. धग चारी बाजूंनी कोटावर चालून आली आणि कोटाबाहेरच थांबली. पाठीवर, कापड आणि अंग यांच्या मधे, एका तळव्याएवढी जागा होती. बाहीने पाइप घट्ट धरला आणि लंबूच्या मागे पुढे सरकली.

दुपारी ती घरी आली तेव्हा कानांच्या पाळ्यांपर्यंत काजळी होती. आई कड टाचत होती, ओठांत टाचण्या. तिने लेकीकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत. मग एकेक टाचणी ओठांतून काढली आणि टाचण्यांच्या छोट्या उशीत टोचून ठेवली. सगळ्या काढून झाल्यावर तिने आगीतून आलेल्या लेकीला पहिला प्रश्न विचारला.

"कोट कसा बसतो गं?"

"सैल."

"बरं," आई म्हणाली, आणि तिने मशीन सुरू केलं.